बलालायकेचा नवा अवतार

रशियन संगीताचा विषय निघाला म्हणजे तीन तारांची त्रिकोणी बलालायका आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते, आणि ही फार प्राचीन काळापासून अशीच चालत आली असावी असें आपण सहज धरून चालतों. नांव जुनें आहे यांत शंका नाहीं. परंतु ज्या रूपांत ती आज व्यासपीठावर दिसते, म्हणजे धातूच्या पक्क्या पडद्यांची, बाराही स्वर देणारी, आणि मांडीवर मावणाऱ्या आकारापासून जमिनीवर टेकवून वाजवावयाच्या आकारापर्यंत एक संपूर्ण कुटुंब असलेली, तें रूप १८८५ पूर्वीं कोणीं पाहिलेंही नव्हतें. तें व्हासिली व्हासिलियेविच आंद्रेयेव्ह या संगीतरचनाकारानें आपल्या हयातींत घडविलें. त्यानें जुन्या वाद्याचा उद्धार केला असें त्याचे चाहते म्हणत आले, आणि जुन्या वाद्याचा घात केला असें त्याचे टीकाकार. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात. ती ही कीं, आंद्रेयेव्हच्या हातीं आली ती बलालायका आणि त्याच्या हातून बाहेर पडली ती बलालायका हें एकच वाद्य होय. आमच्या मतें घोटाळा येथेंच आहे, आणि तो उलगडावयाचा तर हकीकत मुळापासून सांगितली पाहिजे.

बलालायकेचा पहिला लेखी उल्लेख एका फौजदारी कागदांत सांपडतो. १६८८ च्या जून महिन्यांत आर्झामास गांवचा एक रहिवासी व एक शेतकरी असे दोघे गाडींत बसून मॉस्कोच्या याउझा वेशींतून चालले होते. ते गात होते, बलालायका वाजवीत होते आणि वेशीवरील पहारेकऱ्यांस शिव्या देत होते. पहारेकऱ्यांनीं त्यांस धरलें व वाद्यासकट कचेरींत हजर केलें. इतिहासांत या वाद्याचें नांव आलें तें असें, आरोपींच्या सोबतीनें. त्याच्या चाळीस वर्षें आधीं, १६४८ सालीं, झार आलेक्सेई मिखाइलोविच यानें लोकवाद्यांविरुद्ध फर्मान काढलें होतें. त्या काळीं रशियांत ‘स्कोमोरोख’ नांवाचे फिरते कलावंत असत. आपल्याकडील बहुरूपी, डोंबारी आणि गाणारे एकाच ठायीं कल्पिले म्हणजे त्यांची ओळख पटेल. त्यांच्या थट्टेंत धर्माधिकाऱ्यांस पाखंड दिसे. फर्मानांत त्यांचीं वाद्यें हिसकावून, मोडून जाळावीं असा हुकूम होता. जर्मन प्रवासी ओलेरिअस यानें तर वाद्यांनीं भरलेल्या पांच गाड्या मॉस्को नदीपलीकडे नेऊन जाळल्याचें लिहून ठेविलें आहे. या स्कोमोरोखांचें आवडतें तंतुवाद्य दोम्रा हें होतें. पुढें दोम्रेचें नांव कागदपत्रांतून हळूहळू नाहींसें होतें आणि बलालायकेचें नांव वाढत्या प्रमाणांत येऊं लागतें. शेतकऱ्याला घरच्या घरीं फळ्या जोडून करतां येण्यासारखें तें वाद्य असल्यानें त्याचा प्रसार झाला, हा विद्वानांचा तर्क आम्हांस पटण्यासारखा वाटतो.

अठराव्या शतकांत बलालायकेला सरदारघराण्यांतूनही प्रवेश मिळाला होता. प्रसिद्ध व्हायोलिनवादक इव्हान खांदोश्किन हा बलालायकाही उत्तम वाजवी. परंतु एकोणिसाव्या शतकांत तिच्यावर एक निराळेंच संकट आलें. तूला शहराच्या कारखान्यांतून हार्मोनिका निघूं लागली. आपल्या बाजाच्या पेटीच्या जातीचेंच हें वाद्य: भात्याच्या वाऱ्यानें धातूच्या पट्ट्या कंप पावतात व स्वर निघतो. ती आवाजानें मोठी, कधीं बेसूर न होणारी, आणि शिकण्यास सोपी. जत्रेंत व लग्नांत तिच्यापुढें तीन तारांच्या नाजूक किणकिणाटाचा टिकाव लागेना. झारच्या फर्मानानें जें साधलें नव्हतें तें तूलाच्या कारखान्यांनीं बरेंचसें साधलें. शतकाच्या शेवटच्या पादांत बलालायका आडगांवच्या म्हाताऱ्यांच्या व शेतमजुरांच्या हातीं उरली होती, आणि शहरांतील सुशिक्षितांस ती केवळ नांवानें ठाऊक होती.

आंद्रेयेव्हचा जन्म १८६१ च्या जानेवारींत त्वेर प्रांतांतील बेझेत्स्क येथें झाला. याच वर्षीं रशियांतील भूदासांची मुक्तता झाली, ही गोष्ट या चरित्रांत अगदींच अप्रस्तुत नाहीं. त्वेर हें नांव महाराष्ट्रीय वाचकांस परकें वाटूं नये. इ. स. १४६९ च्या सुमारास चौल बंदरावर उतरून पावसाळा जुन्नरास काढणारा व्यापारी आफानासी निकितिन हा याच त्वेरचा. आंद्रेयेव्हचें घराणेंही व्यापाऱ्याचें. वडील लवकर वारले. आई त्याच जिल्ह्यांतील मारिनो नांवाच्या जहागिरीवर मुलांसह राही. मुलगा व्हायोलिन शिकत होता आणि युरोपीय पद्धतीचा एक बरा वादक होण्याच्या मार्गावर होता.

१८८३ च्या उन्हाळ्यांत एका संध्याकाळीं मारिनोच्या घरीं बसला असतां त्याच्या कानांवर अनोळखी तंतुस्वर आले. बाहेर येऊन पाहतो तों नोकरांच्या घराच्या पायरीवर आंतिप नांवाचा शेतमजूर बलालायका वाजवीत होता. आंद्रेयेव्हनें पुढें आपल्या आठवणींत सांगितलें आहे कीं, त्याला दोन गोष्टींचें आश्चर्य वाटलें: त्या ठेक्याच्या जिवंतपणाचें, आणि इतक्या ओबडधोबड, तीनच तारांच्या वाद्यांतून इतके स्वर निघतात कसे याचें. त्यानें आंतिपला गुरु केलें. जमीनदारानें आपल्या मजुराजवळ बसून बोटें कशीं टाकावीं हें शिकावें, हें मुक्ततेच्या आदल्या पिढींत सहजासहजीं घडलें नसतें.

आतां आंतिपच्या हातांतील वाद्य कसें होतें तें पाहूं. सतारीचे पडदे जसे दोऱ्यानें बांधलेले असतात व वाजविणारा ते रागाप्रमाणें वर-खालीं सरकवितो, तसेच खेड्यांतील बलालायकेचे पडदे तांतीचे बांधलेले असत. ते पांचसात असत आणि सरकविले जात. अर्थात् त्यावर निघणारे स्वर त्या त्या गांवच्या गाण्याला जुळलेले असत. पियानोच्या पट्टीशीं त्यांचा मेळ बसलाच पाहिजे असा नियम नव्हता. तारा जुळविण्याच्या रीतीही गांवोगांव निराळ्या. एकटा माणूस आपल्या गळ्यासाठीं किंवा आपल्या गांवच्या नाचासाठीं जें वाजवितो, त्याला ही व्यवस्था पुरेशी आहे. इतकेंच नव्हे, तर तीच योग्य आहे. परंतु आठ माणसें एकत्र बसून एकाच वेळीं निरनिराळे स्वर वाजवूं लागलीं, तर आठांचे सरकते पडदे आठ मतें सांगूं लागतील. युरोपीय संगीताचा प्राण जो स्वरसंवाद, तो अशा वाद्यांवर शक्यच नाहीं. आंद्रेयेव्हच्या पुढील सर्व उद्योगाचें मूळ या एका अडचणींत आहे.

ती अडचण दूर करण्यासाठीं तो पीटर्सबर्गमधील नामांकित व्हायोलिन-कारागीर इव्हानोव्ह याच्याकडे गेला. बलालायका करावयाची आहे हें ऐकतांच इव्हानोव्हला आपला अपमान झाल्यासारखें वाटलें. व्हायोलिन घडविणाऱ्या हातांनीं मुजिकांचें खेळणें घडवावें काय? आंद्रेयेव्हनें त्याला वाद्य वाजवून दाखविलें तेव्हां कारागिराचें मन विरघळलें. पण त्यानें अट घातली कीं, हें काम मीं केलें असें कोणास सांगूं नये. रशियांतील सुशिक्षितांच्या मनांत आपल्याच लोकवाद्याविषयीं काय भावना होती, हें या एका अटींत जितकें स्पष्ट दिसतें तितकें लांबलचक टीकालेखांतूनही दिसणार नाहीं. इव्हानोव्हनें उत्तम लाकूड वापरून पांच पक्के पडदे बसविले. आवाज गोड व दूरवर जाणारा झाला. पण पांच पडद्यांनीं आंद्रेयेव्हचें समाधान झालें नाहीं. १८८७ सालीं पासेर्ब्स्की नांवाच्या दुसऱ्या कारागिराकडून त्यानें बारा अर्धस्वरांचे पडदे असलेली बलालायका करवून घेतली आणि लवकरच तिचे लहानमोठे आकार काढले. तारांची जुळणीही एकच ठरविली: दोन तारा एका स्वरांत, तिसरी त्यांच्या वर चौथ्या स्वरांत. ‘मी, मी, ला’ अशी ही जुळणी आज सर्वमान्य आहे.

१८८८ च्या मार्चांत, रशियाच्या जुन्या पंचांगाप्रमाणें २० तारखेस, पीटर्सबर्गमधील सिटी क्रेडिट सोसायटीच्या सभागृहांत आंद्रेयेव्हच्या बलालायका-रसिक मंडळाची पहिली बैठक झाली. वादक आठ, बहुतेक हौशी. पुढच्याच वर्षीं पॅरिसच्या विश्वप्रदर्शनांत हें मंडळ वाजवून आलें व तेथें वाहवा मिळवून परतलें. पॅरिसनें मान डोलविली म्हणजे पीटर्सबर्गचीही डोलते हा त्या काळचा नियमच होता. पाहतां पाहतां बलालायका ही फॅशन झाली. विद्यार्थी, कारकून, अधिकाऱ्यांच्या मुली, सर्व ती शिकूं लागले. स्वतः आंद्रेयेव्हनें तिच्यासाठीं वॉल्ट्झ, माझुर्का अशा नृत्यरचना केल्या. त्यांतील ‘फॉन’ व ‘फुलपांखरूं’ हे वॉल्ट्झ अजून वाजविले जातात. खरें सांगावयाचें तर रचनाकार म्हणून आंद्रेयेव्ह मोठा नव्हे. त्याच्या रचना गोड व नीटस आहेत, दिवाणखान्यांत शोभणाऱ्या आहेत, परंतु ‘चंद्र प्रकाशतो’ या लोकगीतावर त्यानें रचलेल्या आवर्तनांत जो जोम आहे तो त्याच्या स्वतंत्र वॉल्ट्झांत नाहीं. त्याची खरी रचना कागदावर नव्हती. ती लाकडाची व तारांची होती.

या लाकडी रचनेंत त्याचा सर्वांत मोठा सहकारी एक सुतार होता. सेम्योन नालिमोव्ह हा दूर उत्तरेकडील कोमी लोकांपैकीं. त्याचें शिक्षण सुतारकामापलीकडे गेलेलें नव्हतें. आंद्रेयेव्हनें त्याचा हात पाहून त्याला आपल्याजवळ आणलें आणि मारिनोस त्याच्यासाठीं कारखाना घालून दिला. नालिमोव्हनें बलालायकेच्या पाठीच्या फळ्या, पोटाची जाडी, दांडीची लांबी यांचीं मापें इतकीं नेमकीं बसविलीं कीं पुढील कारागीर तींच प्रमाण मानूं लागले. ‘बलालायकेचा स्ट्रादिव्हारी’ असें त्यास म्हणतात आणि त्याचीं वाद्यें वादक अजून जिवापाड जपतात. इव्हानोव्हला ज्या कामाची लाज वाटली होती, त्याच कामानें हा खेडवळ सुतार कीर्तीस चढला.

यापुढचा प्रसंग सर्वांत मनोरंजक आहे आणि आमच्या मूळ प्रश्नाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा. १८९६ सालीं व्यात्का प्रांतांतील एका खेड्यांतून एक गोल पोटाचें जुनें तंतुवाद्य आंद्रेयेव्हच्या हातीं आलें. फामिंत्सिन या पंडितानें १८९१ सालीं दोम्रेवर एक ग्रंथ लिहिला होता. त्यांतील वर्णनाशीं हें वाद्य जुळतें असें आंद्रेयेव्हला वाटलें. जाळलेल्या पांच गाड्यांतून दोम्रा वांचली, ती ही! नालिमोव्हनें त्या नमुन्यावरून नवी दोम्रा केली, तिचेही लहानमोठे आकार झाले, आणि तिला चार स्वरांच्या अंतरानें जुळविलेल्या तीन तारा चढल्या. बलालायकेचे स्वर बोटांच्या फटकाऱ्यानें तुटक तुटक निघतात. दोम्रा नखीनें वाजते आणि नखी जलद फिरवली कीं स्वर अखंड लांबत असल्याचा भास होतो. वृंदाला गाणारा आवाज हवा होता, तो तिनें दिला. पुढील संशोधकांनीं मात्र शंका काढली कीं, व्यात्केचें तें वाद्य दोम्रा नव्हतेंच. ती गोल पोटाची बलालायकाच असावी. आम्हांस ही शंका बळकट वाटते. दोनशें वर्षें कोणीं न पाहिलेल्या वाद्याची ओळख एका ग्रंथाच्या आधारानें पटवावयाची, आणि पटवणाराला ती पटावी अशी उत्कट इच्छा, अशा वेळीं डोळे सहसा हवें तेंच पाहतात.

परंतु यावरून आंद्रेयेव्हवर लबाडीचा आरोप करणें अन्यायाचें होईल. त्याला वाद्यवृंद उभा करावयाचा होता आणि तो त्यानें उभा केला. त्याच वर्षीं मंडळाचें नांव ‘महारशियन वाद्यवृंद’ असें झालें. रिम्स्की-कोर्साकोव्हचा शिष्य निकोलाय फोमिन हा त्याचा उजवा हात. लोकगीतांची मांडणी या वृंदासाठीं कशी करावी हें फोमिननें शिकविलें. जुनी गुस्ली हें आडवें तंतुवाद्यही त्यानें नव्यानें बांधलें. तिला पट्ट्या बसविल्या. एका हातानें पट्ट्या दाबल्या म्हणजे हव्या त्या तारांवरील दाब उठतो, आणि दुसऱ्या हातानें सर्व तारांवरून नखी फिरविली तरी नेमका तोच स्वरसमूह वाजतो. युक्ति मोठी सुंदर आहे. पण तिच्यांत प्राचीन गुस्लीचें काय उरलें असें विचारलें तर नांव व तारा, एवढेंच उत्तर द्यावें लागेल.

या वृंदाच्या कार्यक्रमांत लोकगीतें असत, तसे चायकोव्हस्की, ग्रीग व बिझे यांच्या कृतींतील भागही असत. टीकाकारांचा रोख यावरच होता. शेतकऱ्याच्या वाद्यावर ‘कार्मेन’ वाजविणें म्हणजे शेतकऱ्याला झग्यांत नाचविणें, असें त्यांस वाटे. त्याउलट थोर रचनाकारांचें मत अनुकूल होत गेलें. चायकोव्हस्कीला बलालायकेच्या नादाची मोहिनी पडली होती. रिम्स्की-कोर्साकोव्हनें १९०७ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘कितेझ नगरी’च्या संगीतिकेंत लग्नाच्या वरातीसाठीं दोम्रा व बलालायका योजिल्या. ग्लाझुनोव्हनें १९०६ सालीं ‘रशियन फँटसी’ ही स्वतंत्र रचना खास या वृंदासाठीं केली. आमच्या समजुतीप्रमाणें या वृंदाच्या इतिहासांतील खरें वळण हेंच होय. दुसऱ्याची कृति उसनी घेऊन वाजविणाऱ्या वृंदाला स्वतःचें कांहीं सिद्ध करतां येत नाहीं. पण ग्लाझुनोव्हसारखा रचनाकार ज्या नादाचा विचार करून लिहितो, तो नाद जगांत एक नवी वस्तु म्हणून उभा राहतो.

आंद्रेयेव्हला मात्र सभागृहांतील यशापेक्षां दुसरीच गोष्ट प्रिय होती. वाद्य खेड्यांतून आलें, तें खेड्यांत परत गेलें पाहिजे असा त्याचा ध्यास. परत न्यावयाचें कोणीं? त्याला उत्तर सांपडलें तें छावणींत. शेतकऱ्यांचीं मुलें सैन्यांत भरती होतात आणि मुदत संपली कीं गांवीं परततात. त्यांस तेथें बलालायका शिकविली तर प्रत्येक शिपाई आपल्या गांवचा शिक्षक होईल. या हिशोबानें त्यानें पलटणींत वर्ग सुरू केले व त्यासाठीं सरकारी मदत मिळविली. पुढें रेल्वेच्या कामगारांसाठींही वर्ग निघाले. स्वस्त बलालायका कारखान्यांतून निघूं लागल्या. १९०८ नंतर त्याचा वृंद जर्मनी, इंग्लंड आणि अमेरिका फिरून आला, आणि त्याच्या मागोमाग त्या देशांतही बलालायका-मंडळें उगवलीं. ‘रशियाचें राष्ट्रीय वाद्य’ हें बलालायकेचें जगभर पसरलेलें नांव बव्हंशीं याच दौऱ्यांचें फळ.

त्याच सुमारास घरांतून विरोध उठला तो अनपेक्षित बाजूनें. आंद्रेयेव्ह फार बदल करतो असें जुन्याचे कैवारी म्हणत. मॉस्कोचा ग्रिगोरी ल्युबिमोव्ह म्हणूं लागला कीं तो पुरेसा बदल करीत नाहीं. तीन तारांच्या दोम्रेवर अभिजात संगीत वाजवितांना स्वर अपुरे पडतात. म्हणून १९०८ सालीं त्यानें बुरोव्ह या कारागिराकडून व्हायोलिनप्रमाणें जुळणारी चार तारांची दोम्रा करविली. आंद्रेयेव्हला हें रुचलें नाहीं. त्याच्या मतें अशानें वाद्याचा रशियन स्वभावच जातो. हा वाद वाचतांना आम्हांस हसूं आल्याशिवाय राहिलें नाहीं. ज्या स्वभावाचा त्याला एवढा कळवळा, तो त्यानेंच नालिमोव्हकडून बारा वर्षांपूर्वीं तासून घेतला होता. ल्युबिमोव्हची दोम्रा पुढें युक्रेनमध्यें रुजली आणि आंद्रेयेव्हची रशियांत. दोन्ही आज परंपरागत म्हणविल्या जातात.

१९१७ च्या क्रांतीनें झारचा दरबार गेला. दरबाराचा मानकरी वादक असलेला आंद्रेयेव्ह देश सोडून गेला नाहीं. १९१८ सालीं तो आपला वृंद घेऊन यादवी युद्धाच्या आघाड्यांवर लाल सैन्याच्या शिपायांपुढें वाजवीत हिंडला. थंडींत उघड्यावर वृंदाचें संचालन करतांना त्याला सर्दी बाधली आणि २६ डिसेंबर १९१८ रोजीं पेत्रोग्राद येथें त्याचा अंत झाला. त्या शिपायांपैकीं कित्येकांनीं बलालायका झारच्या पलटणींतच, त्यानें सुरू केलेल्या वर्गांतून, शिकलेली असणें संभवनीय आहे.

त्याच्या मागें वृंद राहिला. पीटर्सबर्गमध्यें तो अद्याप त्याच्या नांवानें चालतो. व्हासिलेन्को यानें १९३१ सालीं बलालायकेसाठीं कॉन्चेर्तो लिहिला. १९४८ सालीं मॉस्कोच्या ग्नेसिन संस्थेंत लोकवाद्यांचा स्वतंत्र विभाग निघाला, आणि आंतिपनें पायरीवर बसून जें शिकविलें त्याची पदवी मिळूं लागली. बरोबर तेंच शिकविलें जाऊं लागलें असें मात्र नव्हे. सरकते पडदे, गांवोगांवच्या जुळण्या, चार ओळींच्या चुटक्या गाण्यांना दिलेला तो खळखळता ठेका, यांना अभ्यासक्रमांत जागा नव्हती. हानि खरी आहे, आणि ती लपवून आंद्रेयेव्हचा मोठेपणा वाढत नाहीं. पण आंतिपची बलालायका त्यानें मारली नाहीं. ती तूलाच्या हार्मोनिकेपुढें आधींच मागें हटत होती. त्यानें तिचें नांव घेऊन शेजारीं एक दुसरें वाद्य निर्माण केलें, आणि निर्माता म्हणूनच त्याला मान दिला पाहिजे. उद्धारक ही पदवी त्याच्या अंगाला नीट बसत नाहीं.

खेड्यांतील बलालायकेची कथा मात्र येथें संपली नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लोकसंगीताचे संग्राहक ध्वनिमुद्रणयंत्रें घेऊन रशियाच्या खेड्यांतून फिरूं लागले, तेव्हां त्यांस म्हाताऱ्या वादकांच्या हातांत बहुधा कारखान्यांत केलेल्या, पक्क्या धातुपडद्यांच्या, आंद्रेयेव्हच्या घाटाच्या बलालायका दिसल्या. पलटणींतून, बाजारांतून, सहकारी दुकानांतून त्या गांवांत आल्या होत्या. मात्र अनेक ठिकाणीं वादकानें वाद्य हातांत घेतांच तारा ‘मी, मी, ला’वरून उतरविलेल्या होत्या, आणि नाचाचा ठेका मोकळ्या तारांवर एकदम उमटावा म्हणून त्या तिन्ही गांवच्या जुन्या रीतीनें पुन्हा जुळविलेल्या होत्या.